चालवणार कोण, हे कुणी विचारलं नाही

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या पतसंस्थेत दुचाकीच्या कर्जाचे असतात. बाप पुढे, मागे नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं आणि बापाच्या हातात घडी घातलेलं शोरूमचं कोटेशन. मी कर्ज विभागात बसते, त्यामुळे असली कोटेशनं माझ्या टेबलावरून वर्षानुवर्षं गेलेली आहेत. एक्स शोरूम किंमत, आरटीओ, इन्शुरन्स, अॅक्सेसरीज आणि तळाला जाड अक्षरात ऑन रोड. आम्ही बघतो तो तळाचा आकडा. हप्ता किती बसतो, पगार किती, जामीनदार कोण. मधल्या ओळींशी कर्ज विभागाला काही देणंघेणं नसतं.

२०२४ च्या दसऱ्याला मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते आणि मागे उभं असलेलं पोरगं माझं होतं. मग मधल्या ओळी वाचल्या.

प्रणव तेव्हा एकोणीसचा. आम्ही तासगावचे, त्याचं कॉलेज सांगलीत. एसटीचा पास होता, पण प्रॅक्टिकल संपून स्टँडवर येईपर्यंत संध्याकाळची गाडी निघून गेलेली असायची आणि पुढची गाडी कधी यायची ते एसटीलाच ठाऊक. गाडी लागणार हे ह्यांनी आणि मी दोघांनीही मान्य केलं होतं. वाद होता तो कोणती यावर. प्रणवची मागणी साडेतीनशे सीसीची. तिचा आवाज कसा येतो हे त्यानं मला जेवताना तोंडानं काढून दाखवलं होतं.

शंभर फुटीवरच्या शोरूममधला पोरगा चुणचुणीत होता. "बसा की मॅडम," म्हणत त्यानं पाणी दिलं आणि तीन गाड्यांची तीन कोटेशनं समोर ठेवली: १२५ सीसी, १६० सीसी आणि साडेतीनशेची. मी तिन्ही कागद शेजारी शेजारी लावले आणि फक्त इन्शुरन्सची ओळ बघितली. तीन ठिकाणी तीन आकडे. आता, एकोणीस वर्षांचा नवशिका पोरगा जोरदार गाडी घेणार म्हटल्यावर विमा महाग असणार, असं मी गृहीत धरूनच गेले होते. म्हणून विचारलं, "चालवणारा लहान आहे म्हणून किती जास्त लागतात?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "कोण चालवणार याचा काय संबंध मॅडम? इन्शुरन्स गाडीचा असतो."

तो बरोबर होता. थर्ड पार्टीचा दर आपल्याकडे सरकार ठरवतं आणि ठरवताना बघतं ती फक्त इंजिनची क्षमता, म्हणजे सीसी. १ जून २०२२ पासून लागू असलेल्या दरांप्रमाणे ७५ सीसीपर्यंत वर्षाला ५३८ रुपये, त्यापुढे १५० पर्यंत ७१४, १५० च्या वर ३५० पर्यंत १,३६६ आणि ३५० च्याही वर गेलात तर २,८०४. नव्या गाडीला हा विमा एका वर्षाचा मिळत नाही, एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या जुलैत तसं सांगितलं आणि १ सप्टेंबर २०१८ पासून ते सुरू झालं, कारण लोक पहिल्या वर्षानंतर विमा काढणंच बंद करत. त्यामुळे १२५ सीसीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये एकरकमी आणि १६० ला ७,३६५. साडेतीनशेवालीलाही तेवढेच, कारण ती ३५० च्या एक सीसी अलीकडे थांबवलेली असते. गाडी बनवणारे काही वेडे नाहीत.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग असतो, ज्याला सगळे फर्स्ट पार्टी म्हणतात, त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. पण त्यातही बघतात ते गाडीची विमाकृत किंमत, सीसी, गाडीचं वय आणि नोंदणीचं ठिकाण. पुणे-मुंबईसारखी आठ शहरं 'अ' विभागात, बाकी सगळा देश 'ब' मध्ये, म्हणजे तासगाव आणि नागपूर एकाच पंगतीला. गाडीचं वय विचारतात, चालवणाऱ्याचं नाही. साठीला आलेले आमचे शेजारचे गुरुजी, जे गाडी सायकलच्या वेगानं नेतात, आणि आमचा प्रणव, या दोघांना एकाच गाडीला एकच हप्ता.

रात्री हे नणंदेच्या मुलाला फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. तो शिकायला इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे आणि तिथं संध्याकाळी कामावर जायला त्याला १२५ सीसीची जुनी गाडी घ्यायची होती. तिकडे एक दिवसाचं सक्तीचं प्रशिक्षण घेतलं की दोन वर्षं 'एल' पाटी लावून १२५ पर्यंतची गाडी चालवता येते, मोटारवेवर मात्र जाता येत नाही. इतपर्यंत त्याचं नीट जमलं होतं. मग विम्याचा भाव काढायला बसला. वय किती, लायसन्स किती दिवसांचं आणि कुठल्या देशाचं, धंदा काय, घराचा पिनकोड काय, रात्री गाडी कुठे उभी असते, कुलूप कसलं, खाण्याचे डबे पोचवणार का. हे सगळं भरून झाल्यावर जो वर्षाचा आकडा आला तो गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होता. "मामी, गाडी फुकट मिळाली असती तरी परवडली नसती," म्हणाला. त्यानं शेवटी सायकल घेतली.

ऐकून पहिल्यांदा वाटलं, आपलंच बरं. अजूनही बऱ्याच अंशी तसंच वाटतं. आपल्याकडे पोरांच्या वयावर हप्ता लावला तर तो कुणी भरणार नाही. तरुण पोरं बिनविम्याची फिरतील आणि त्यांच्याखाली सापडलेल्या माणसाला एक रुपया मिळणार नाही. आताच रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक गाड्यांना विमा नाही आणि त्यात सर्वांत जास्त दुचाकी. म्हणजे गुरुजी आणि माझ्यासारखी माणसं थोडं जास्त भरतात, पोरं थोडं कमी भरतात, चालायचंच. पण भाच्याला विचारलेले ते प्रश्न डोक्यातून जाईनात. त्याला भुर्दंड पडला हे खरं, तरी त्या कंपनीनं निदान गाडीवर कोण बसणार आहे हे विचारलं होतं. माझ्यासमोरच्या तीन कागदांवर प्रणवचं नाव कुठेच नव्हतं.

नव्हतं, कारण गाडी माझ्या नावावर होणार होती. हेही आपल्याकडे गृहीत असतं. पोराला पगार नाही, कर्ज बापाच्या किंवा आईच्या नावावर, म्हणून गाडीही त्यांच्याच नावावर. आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत दहातली आठ अशीच. शोरूमच्या पोरानं माझं आधार आणि पॅन मागून घेतलं होतं, पासबुकाची झेरॉक्सही. कोटेशनच्या पाठीमागे विम्याची फोड होती, ती मी घरी आणून चष्मा लावून वाचली.

१२५ सीसीच्या गाडीसाठी इन्शुरन्सची ओळ होती ९,२०० रुपयांची. थर्ड पार्टीचे ३,८५१ ठरलेलेच. गाडीची शोरूम किंमत ९०,०००, त्यात पाच टक्के घट धरून विमाकृत किंमत ८५,५००. तिच्यावर स्वतःच्या नुकसानीचे १,४३३. या दोन्हींची बेरीज ५,२८४, अठरा टक्के जीएसटी धरून ६,२३५. मग उरलेले २,९६५ कसले? झिरो डेप म्हणजे घसारा न कापता भरपाई, रस्त्यात बंद पडली तर मदत, किल्ली हरवली तर किल्ली, आणि एक ओळ होती: मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा, १५ लाख, पाच वर्षं.

मी पतसंस्थेतली बाई. पंधरा लाख दिसले की खालची बारीक अक्षरं वाचायची सवय हाताला लागलेली आहे. हा विमा २०१८ पासून १५ लाखांचा झाला, त्याआधी दुचाकीला लाखभराचाच असायचा. तो मिळतो कुणाला? ज्याच्या नावावर गाडी आहे, विमापत्रावर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे, अशा माणसाला. तिन्ही गोष्टी एकाच माणसात पाहिजेत. गाडी माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर आणि मी आयुष्यात स्कूटीसुद्धा चालवलेली नाही. म्हणजे पाच वर्षांचे पैसे भरून पंधरा लाखांचं संरक्षण अशा बाईला, जी त्या गाडीवर फार तर मागे एका बाजूला बसून बाजाराला जाणार. मला लायसन्स नाही म्हटल्यावर मला तो विमा लागूच नव्हता, तसं लिहून दिलं की तो वगळता येतो. आणि प्रणव, जो रोज येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर चालवणार, त्याच्यासाठी शून्य.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आमच्या संस्थेचे वकील आले होते वसुलीच्या कामासाठी, त्यांना विचारलं. थर्ड पार्टी आहे ना, मग त्यातून त्याला मिळेलच की? ते म्हणाले, "वहिनी, थर्ड पार्टी म्हणजे तिसरा. गाडीचा मालक पहिला, कंपनी दुसरी. मालकाच्या परवानगीनं जो गाडी चालवतो तो मालकाच्याच जागी उभा राहतो, तो तिसरा होत नाही." मग त्यांनी २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगितला. दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन निघालेला माणूस पुढच्या बैलगाडीवर आदळून गेला. त्याच्या घरच्यांनी त्या मोटारसायकलच्या विम्याकडे भरपाई मागितली. न्यायालयानं हेच सांगितलं, गाडी उसनी घेणारा मालकाच्या जागी येतो. २०२० च्या एका निकालातही पुन्हा तेच. समोरच्या वाहनाची चूक असली तर त्या वाहनाच्या विम्याकडे दाद मागता येते, ते वेगळं. पण खड्डा चुकवताना पडला, कुत्रं आडवं आलं, मागून उसाच्या ट्रॉलीवर गेला, तर आईच्या नावावरची गाडी चालवणाऱ्या पोराला त्या गाडीच्या विम्यातून काही मिळत नाही. वेगळे पैसे भरून त्याचं संरक्षण घेतलेलं असलं तरच.

२०२२ साली या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यात दुचाकीवरचे शेकडा चव्वेचाळीस. हा सरकारी आकडा मी पूर्वीही वाचला होता. पण हे एवढे लोक गेले तेव्हा किती घरांत गाडी बापाच्या नावावर आणि खाली गेलेला पोरगा, हे त्या दिवशी डोक्यात आलं आणि डबा तसाच राहिला.

वकिलांनी जाता जाता आमच्याच एका सभासदाची आठवण काढली. नाव-गाव सांगत नाही. त्यांचा मुलगा अकरावीत, सतरा वर्षांचा. गाडी वडिलांच्या नावावर, विमा अगदी चोख, हप्ता एकदाही चुकलेला नाही. पोरगं क्लासला जाताना एका म्हाताऱ्या माणसाला धडकलं, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा चालला, कंपनीनं म्हाताऱ्यांना पैसे दिले आणि मग तेच पैसे वसूल करायला सभासदाला नोटीस धाडली, कारण चालवणाऱ्याकडे लायसन्सच नव्हतं. ते गृहस्थ मुदत ठेव मोडायला आले होते. ठेव मुलीच्या लग्नाची होती, मुदतीला सात महिने राहिले होते. व्याज कापलं जाईल म्हणून मी सांगितलं तर म्हणाले, "कापा. काय कापायचं ते कापा." हे झालं निव्वळ पैशाचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडीवर असा गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे ज्यांना माहीत आहे तेही क्लासला गाडी देतात. शाळेच्या गेटासमोर संध्याकाळी उभं राहून बघा.

आमच्या घरी मग मी तीन गोष्टी ठरवल्या आणि ह्यांनी नेहमीप्रमाणे "तुला काय वाटतं ते कर" म्हणून मान्यता दिली. साडेतीनशे नाही, १२५. त्यावर दोन दिवस प्रणव माझ्याशी बोलला नाही. मी त्याला ३,८५१ आणि ७,३६५ हे आकडे कागदावर लिहून दाखवले, त्यानं कागद उलटा ठेवला. दुसरं, गाडी त्याच्या नावावर. त्यासाठी मी वाहन कर्ज न घेता स्वतःच्या ठेवीवर कर्ज काढलं, म्हणजे आरसीवर संस्थेचा बोजा नाही आणि नाव कुणाचंही घालता येतं. तो अठरा पूर्ण, त्यामुळे कायद्याची काही अडचण नाही. हे म्हणाले, "त्याच्या नावावर केली तर विकून मोठी घेईल." घेऊ दे, म्हटलं. आणि तिसरं, पक्कं लायसन्स हातात आल्याशिवाय गाडी शोरूममधून उचलायची नाही. लर्निंग काढून महिना व्हावा लागतो, मग चाचणी. आठचा आकडा पाय न टेकता काढायचा असतो. प्रणवनं पहिल्यांदा काढताना पाय टेकला, दुसऱ्यांदा निघाला. दसऱ्याचा मुहूर्त टळला. सासूबाईंनी पाडव्याचा दिला.

विमा शोरूमकडून घ्यायचा नाही हे तर ९,२०० ची फोड बघितल्यावर ठरलंच होतं. ते सांगितल्याबरोबर चुणचुणीत पोराचा आवाज बदलला. "बाहेरून घेतला तर पासिंग अडकतं मॅडम. आणि क्लेमला कॅशलेस होत नाही आमच्याकडे." दोन्ही खोटं. विमा विक्रेत्याकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, हे विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. पासिंगला लागतं ते चालू विमापत्र, कुठल्याही कंपनीचं. कॅशलेसचं म्हणाल तर कंपनीच्या यादीत ते वर्कशॉप आहे का ते आधीच बघायचं, आमच्या कंपनीच्या यादीत तेच वर्कशॉप होतं. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो मॅनेजरला बोलवायला गेला, मॅनेजर आला आणि म्हणाला, "चालतंय की मॅडम, काही हरकत नाही." पोराचा राग नाही मला. त्याला पॉलिसीमागे काही सुटत असणार, त्याचंही पोट आहे.

गावातल्या एजंटकडून जो विमा काढला त्याची फोड अशी: थर्ड पार्टी ३,८५१, त्यात कुणालाच सूट नाही. स्वतःच्या नुकसानीला निम्मी सूट मिळून ७१७. झिरो डेप ४५०. आणि मालक-चालक अपघात विमा, आता प्रणवच्या नावावर, एका वर्षाचा, ३३०. सगळं मिळून जीएसटीसह ६,३११. किल्ली हरवली तर आम्ही बघू, आणि तासगाव रस्त्यावर गाडी बंद पडली तर त्याचा मामा टेम्पो घेऊन येईल, त्याला विमा लागत नाही. वाचलेल्या २,८८९ मध्ये आयएसआय मार्कचं हेल्मेट आलं. याशिवाय त्याच्या बँक खात्यातून पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरून घेतला, वर्षाला वीस रुपयांत दोन लाख. वडापाव तेवढ्याला येतो म्हणून मी सभासदांना सांगत असते, तरी निम्मे लोक "पुढच्या वेळी बघू" म्हणतात.

ऊस सुरू झाला आणि डिसेंबरात प्रणव कुमठ्याजवळ पडला. ट्रॉलीतून पडलेला, चाकांखाली चिरडून चिपाड झालेला ऊस सकाळच्या दवात भिजलेला होता, ब्रेक लावला आणि गाडी आडवी झाली. गुडघा फुटला, हाताचं कातडं सोललं, बाकी देवाच्या दयेनं काही नाही. हेल्मेटला उजव्या बाजूला बोटभर रुंद ओरखडा होता. तो मी हात लावून बघितला आणि हेल्मेट दुसरं घ्यायला लावलं.

वर्कशॉपमध्ये पहिला सल्ला मिळाला तो क्लेम न करण्याचा. "एनसीबी जाईल मॅडम, रोखीत करून टाकू, कमी करतो." एनसीबी म्हणजे वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी मिळणारी सूट. पहिल्या वर्षाला वीस टक्के, वाढत वाढत पन्नासपर्यंत जाते. चारचाकीत तिचा मोठा फरक पडतो. पण ती सूट थर्ड पार्टीवर नसतेच, फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. आमचा तो हप्ता ७१७. त्याचे वीस टक्के म्हणजे १४३ रुपये. ते वाचवायला साडेपाच हजार खिशातून घालायचे? मी मोबाइलवर हिशेब करून दाखवला. वर्कशॉपवाला म्हणाला, "असं कुणी करत नाही ओ."

सर्व्हेअर आला नाही, फोटोंवरच काम झालं. यादी माझ्याकडे आहे: पुढचा व्हायझर, उजवा इंडिकेटर, मडगार्ड, आरसा, ब्रेक लिव्हर, फूटरेस्ट, हँडल. प्लास्टिकचे भाग २,९००, लोखंडी भाग १,६४०, मजुरी १,१००. एकूण ५,६४०. साधा विमा असता तर प्लास्टिकची किंमत निम्मीच धरली असती, गाडी आठवड्याची का असेना, आणि १,४५० आमच्या अंगावर आले असते. झिरो डेपमुळे तेही मिळाले. दुचाकीला सक्तीचे १०० रुपये आपण भरायचे असतात, ते भरले आणि गाडी घरी आली. झिरो डेपचे ४५० वसूल झाले, म्हणजे शोरूमवाले गळ्यात मारतात ती सगळीच जोडसंरक्षणं टाकाऊ नसतात, नव्या पोराच्या नव्या गाडीला हे एक घ्यावं. पोरं पडतातच, आणि पडली की आधी प्लास्टिक फुटतं.

एक गोष्ट मात्र सांगलीकडच्या माणसांना वेगळी सांगायला हवी, कारण ती आम्ही पाण्यात उभं राहून शिकलेलो आहोत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा किती दुचाक्या बुडाल्या त्याला गणती नाही, आणि ज्यांचा विमा फक्त थर्ड पार्टीचा होता त्यांना त्या भंगारात घालाव्या लागल्या. पुरात बुडालेली गाडी थर्ड पार्टीत बसत नाही. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं. त्या वेळी गावभागातले एक सभासद विमापत्र घेऊन माझ्याकडेच आले. २०१९ च्या दसऱ्याला घेतलेली गाडी, त्यांच्या मुलाची, आणि कागदावर ठळक छापलेलं, वैधता ऑक्टोबर २०२४ पर्यंत. "पाच वर्षांचा विमा आहे मॅडम, तरी देत नाहीत म्हणतायत." पाच वर्षांचा होता तो थर्ड पार्टी. स्वतःच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचाच होता, तो ऑक्टोबर २०२० मध्ये संपलेला, त्याची तारीख त्याच कागदावर त्याहून लहान अक्षरात. पोलिसांनी अडवलं तर तो कागद चालतो, कारण कायद्याला थर्ड पार्टीच लागतो. त्यामुळे आपला विमा अर्धा मेलेला आहे हे माणसाला कळायला पूर यावा लागतो किंवा चोरी व्हावी लागते. आणि पाण्यात राहिलेली गाडी, आधी विमा असो वा नसो, किक मारून बघू नका. पाणी इंजिनात असताना चालू केली की इंजिन जातं, आणि त्या नुकसानीला मग कंपनी हात वर करते.

प्रणवच्या गाडीचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता पाडव्याच्या आत मी भरला. गाडीची किंमत कमी धरली गेली म्हणून स्वतःच्या नुकसानीचा हप्ता उतरला, क्लेम झाल्यामुळे सूट नाही, अपघात विमा पुन्हा एका वर्षाचा. हजार-बाराशेत काम झालं.

आता माझ्या टेबलासमोर बाप-लेक बसले की मी आरसी कुणाच्या नावावर होणार, हे आधी विचारते. सहकारी म्हणतात, तो आपला विषय नाही. नसेल. तुमच्या घरात दुचाकी असेल तर आज आरसी आणि विमापत्र दोन्ही काढा आणि तीन ठिकाणी बघा. आरसीवरचं नाव आणि रोज चालवणाऱ्याचं नाव एक आहे का, स्वतःच्या नुकसानीच्या भागाची शेवटची तारीख कोणती, आणि मालक-चालक अपघात विम्याची कोणती. नावं वेगळी असली तर गाडी पोराच्या नावावर करा. ते जमत नसेल तर त्याच्यापुरता वेगळा वैयक्तिक अपघात विमा याच महिन्यात काढा, आणि बँकेत जाऊन ते वीस रुपये भरा.